कोचीचे चर्च : रिकामी कबर, बोलक्या भिंती

फोर्ट कोचीला जाऊन आलेल्या कोणत्याही कुटुंबाचे फोटो पाहा. चिनी जाळ्यांचा एक, शहाळे पितानाचा एक आणि सेंट फ्रान्सिस चर्चमधला एक, हे तीन त्यात हमखास असतात. चर्चच्या फोटोत जमिनीत बसवलेला एक दगड दिसतो, त्याच्याभोवती कठडा असतो आणि कठड्याशेजारी घरातले कोणीतरी हसत उभे असते. कोणी विचारलेच तर उत्तर तयार असते, "ही वास्को द गामाची कबर!"

गंमत अशी, की या कबरीत वास्को द गामा नाही. साडेचारशे वर्षांहून अधिक काळ ती रिकामीच आहे.

वास्को द गामा तिसऱ्यांदा हिंदुस्थानात आला तो १५२४ च्या सप्टेंबरात, पोर्तुगालच्या राजाचा व्हाइसरॉय म्हणून. जेमतेम तीन महिने त्याने कारभार पाहिला आणि त्याच वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी तो कोचीत मरण पावला. याच चर्चमध्ये त्याला पुरले. पण चौदा-पंधरा वर्षांनी त्याच्या अस्थी येथून काढून जहाजाने पोर्तुगालला नेण्यात आल्या. तेथे त्या आधी विदिगेरा या त्याच्या जहागिरीच्या गावी होत्या. पुढे १८८० साली त्या लिस्बनमधल्या बेलें येथील जेरोनिमोस मठात हलवल्या आणि आज तेथेच आहेत. थोडक्यात, आपण जिच्याशेजारी उभे राहून फोटो काढतो ती जागा म्हणजे केव्हाच खोली सोडून गेलेल्या भाडेकरूची खोली!

तरीही सारी गर्दी तेथेच. गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही तिघे, म्हणजे माझे पती, कॉलेजात शिकणारी आमची लेक आणि मी, या चर्चमध्ये चांगले दोन तास होतो. तेवढ्या वेळात कितीतरी गट आले. दारातून आत शिरायचे, उजवीकडे वळायचे, कठड्यापाशी ओळीने फोटो काढायचे आणि परत फिरायचे. मान वर करून छताकडे पाहणारे फारच थोडे.

बरे, हा वास्को कोणी पुण्यपुरुष होता असेही नाही. १५०२ सालच्या दुसऱ्या सफरीत त्याने मक्केहून परतणारे यात्रेकरूंचे जहाज अडवले, लुटले आणि आतल्या शेकडो माणसांसह पेटवून दिले. त्यांत बायका होत्या, कडेवरची मुले होती. शाळेच्या पुस्तकात आपण 'हिंदुस्थानचा जलमार्ग शोधणारा धाडसी खलाशी' एवढेच शिकलो. गोव्यात एका शहराला आणि त्याच्या रेल्वे स्टेशनला अजून त्याचे नाव आहे. असो. कबरीचा फोटो काढू नये असे माझे म्हणणे नाही. पण एवढ्या लांब येऊन तेवढाच काढून परतणे म्हणजे लग्नाला जाऊन फक्त मांडवाचे खांब पाहून येण्यासारखे आहे.

घर तेच, कुळे बदलली

पोर्तुगीज कोचीला आले १५०० साली. कालिकतच्या सामुरी राजाशी त्यांचे बिनसले होते आणि सामुरीशी कोचीच्या राजाचेही वैर होते. त्यामुळे कोचीच्या राजाने त्यांना जागा दिली. १५०३ मध्ये येथे लाकडी किल्ला उभा राहिला आणि त्यात एक लाकडी चर्च. पुढे राजाच्या परवानगीने लाकडाच्या जागी दगडाचे बांधकाम सुरू झाले आणि १५१६ साली फ्रान्सिस्कन पंथाच्या धर्मगुरूंनी आजचे चर्च पुरे केले. तेव्हा बाबर अजून पानिपतापर्यंत पोचायचा होता आणि शिवाजी महाराजांच्या जन्माला शंभराहून अधिक वर्षे अवकाश होता, म्हणजे पाहा! युरोपियनांनी हिंदुस्थानात बांधलेल्या चर्चपैकी हे सर्वांत जुने मानले जाते. येथे 'युरोपियनांनी' हा शब्द महत्त्वाचा, कारण केरळातले मूळचे ख्रिस्ती पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून तेथे नांदत होते.

१६६३ मध्ये डचांनी कोची जिंकली. ते प्रॉटेस्टंट. गावातली इतर बहुतेक कॅथलिक चर्च त्यांनी पाडली, हे मात्र ठेवले. त्यातल्या मूर्ती आणि सजवलेल्या वेद्या बाहेर गेल्या आणि हे डच सरकारचे साधे, पांढऱ्या भिंतींचे प्रार्थनास्थान झाले. १७७९ मध्ये त्यांनी त्याची मोठी दुरुस्ती केली. ते साल दाराच्या वर कोरलेले अजून वाचता येते. १७९५ मध्ये इंग्रज आले. डचांनी १८०४ पर्यंत चर्च आपल्याकडे राखले आणि मग ते अँग्लिकनांच्या हाती दिले. आधी सेंट अँथनीच्या नावाने असलेल्या या चर्चला 'सेंट फ्रान्सिस' हे नाव इंग्रजांच्याच काळात पडले म्हणतात. १९२३ पासून ते संरक्षित स्मारक आहे. १९४७ मध्ये दक्षिणेतले अनेक प्रॉटेस्टंट पंथ एकत्र येऊन 'चर्च ऑफ साऊथ इंडिया' स्थापन झाले आणि तेव्हापासून ते त्यांच्याकडे आहे.

कॅथलिक, डच, अँग्लिकन आणि आता हे. आपल्याकडे एखाद्या जुन्या वाड्यात कुळे बदलत जातात, पण देवळीतल्या दिव्याची काजळी तशीच राहते. येथेही तसेच झाले आहे. प्रत्येक जण काहीतरी मागे ठेवून गेला, आणि जे ठेवले ते भिंतींवर आहे. म्हणून फोटो काढायचे ते भिंतींचे.

आत्याची फर्माईश

आम्ही या चर्चमध्ये इतका वेळ घालवला त्याला एक घरगुती कारण होते.

माझ्या आत्याचे यजमान नौदलात होते. १९७२ ते १९७५ अशी तीन वर्षे त्यांची नेमणूक कोचीच्या तळावर होती. त्यांच्या एका सहकाऱ्याचे लग्न १९७४ च्या मे महिन्यात याच चर्चमध्ये लागले. आत्या तेव्हा पंचविशीची. चर्चमधले लग्न तिने पहिल्यांदाच पाहिले. ती सांगते, "वर हे एवढाले कापडी पंखे टांगलेले, पण ओढायला कोणी नाही. खाली आम्ही नऊवारी-पाचवारी नेसून घामाघूम. शेवटी हातातल्या पत्रिकेनेच वारा घेतला!" त्या लग्नाचे सहा फोटो आत्याच्या अल्बममध्ये होते. एका फोटोत बाकावर बसलेले तिचे यजमान, गणवेशात, आणि त्यांच्या डोक्यावर त्या पंख्याची झालर. लहानपणी तो अल्बम मी कितीदा तरी चाळला आहे.

२६ जुलै २००५ ला मुंबईत एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. आत्याचे घर कलिन्याला, तळमजल्यावर. कपाटाचे खालचे दोन कप्पे पाण्यात गेले आणि अल्बम त्यातच होते. पाणी ओसरल्यावर उघडून पाहिले तर फोटो एकमेकांना चिकटून त्यांचा लगदा झालेला. यजमान त्याआधीच गेले होते.

आम्ही कोचीला निघालो असे कळल्यावर तिचा फोन आला. "कबरीचा फोटो नको गं मला. तो सगळ्यांकडेच असतो. पंख्यांचा आण. आणि उभ्याने नको काढूस, बसून काढ. डावीकडे, दारापासून तिसरा नाहीतर चौथा बाक. आम्ही तिथे होतो."

यात अडचण अशी, की आत्याच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. समोरचे, मधले तिला नीट दिसत नाही, कडेकडेचे दिसते. मोबाइलच्या पडद्यावरचा फोटो तिला शून्य उपयोगाचा. जो काही फोटो आणायचा तो मोठा छापता आला पाहिजे, त्यात उजेड-अंधार स्पष्ट हवा आणि गिचमिड नको. ही अट डोक्यात ठेवून त्या दिवशी आम्ही कॅमेरा हातात घेतला. खरे सांगायचे तर त्या एका अटीमुळे मी जेवढे पाहिले तेवढे एरवी पाहिले नसते.

दर्शनी भिंत

या चर्चचे दार पश्चिमेकडे आहे. बहुतेक जुन्या चर्चमध्ये तसेच असते, कारण वेदी पूर्वेला ठेवण्याची रीत. फोटो काढणाऱ्याच्या दृष्टीने याचा अर्थ साधा आहे. सकाळी सूर्य चर्चच्या पाठीमागे असतो आणि दर्शनी भिंत सावलीत. सकाळी काढलेल्या फोटोत आकाश पांढरेफट्ट आणि चर्च काळपट येते. दुपारी तीन-साडेतीननंतर ऊन समोरून येऊ लागते आणि तीच भिंत उजळते. तिच्या दोन्ही कडांना पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेले निमुळते मनोरे आहेत आणि माथ्यावर घंटेसाठी छोट्या कमानी. दुपारच्या तिरप्या उन्हात या सगळ्यांच्या सावल्या भिंतीवर पडतात आणि एरवी सपाट वाटणारी ती भिंत भरीव दिसू लागते.

जवळून वर मोबाइल करून फोटो काढला की भिंती आत कलल्यासारख्या दिसतात, जणू चर्च मागे पडते आहे. त्याला उपाय एकच. मागे सरका. समोर परेड ग्राउंडचे मोठे मैदान आहे, जागेची कमतरता नाही. मैदानाच्या कडेपर्यंत जाऊन, मोबाइल अगदी सरळ उभा धरून फोटो घ्या. वाटेत रेन ट्रीच्या फांद्या येतात, त्या येऊ द्याव्यात. आमच्या फोटोत क्रिकेट खेळणारी पोरेही आली आहेत. ती मुद्दाम राहू दिली.

एक तक्रार मात्र करावीशी वाटते. दारासमोर उभ्या केलेल्या गाड्या! फोटो तर सोडाच, पण पाचशे वर्षांच्या दाराला पाठ लावून पर्यटकांची मोठी गाडी इंजिन सुरू ठेवून उभी राहते, हे डोळ्यांना खुपते.

दगडावरची अक्षरे

आत शिरताच पहिल्यांदा जाणवतो तो अंधार, मग गारवा. डोळे सरावायला मिनिट-दोन मिनिटे लागतात. मुख्य दालन लांबट आहे, वर लाकडी छत, दोन्ही बाजूंना लाकडी बाक, समोर वेदी. सोन्याचा मुलामा नाही, नक्षीदार खांब नाहीत. जुन्या गोव्याची चर्च पाहून आलेल्याला 'एवढेच?' असे वाटू शकते.

दोन्ही बाजूंच्या भिंतींत मोठमोठे कोरीव दगड उभे बसवलेले आहेत. ते थडग्यांचे दगड. पूर्वी ते जमिनीत होते, म्हणजे लोक त्यांच्यावरून चालत. १८८७ साली ते उचलून भिंतींत बसवण्यात आले. उत्तरेच्या भिंतीत, म्हणजे आत शिरताना डाव्या हाताला, पोर्तुगीजांचे आणि दक्षिणेच्या भिंतीत डचांचे. पोर्तुगीजांचा सर्वांत जुना लेख १५४६ चा आहे आणि डचांचा १६६४ चा. जिवंतपणी ज्यांनी एकमेकांना हाकलले ते आता बाकांच्या दोन ओळी मध्ये ठेवून समोरासमोर उभे आहेत. आणि वास्कोची रिकामी कबर आहे ती दक्षिणेला, डचांच्या बाजूला!

हे दगड वाचणे सोपे नाही. शेकडो वर्षे पावलांखाली झिजलेले. समोरून फोटो घेतला तर नुसता करडा दगड येतो, कारण समोरच्या खिडक्यांचा उजेड दगडावर सरळ पडतो आणि खोलगट अक्षरांत सावलीच उरत नाही. फ्लॅश मारला तर आणखी वाईट. याला युक्ती आहे आणि ती कोणालाही जमेल. चर्चची देखभाल करणारे एक वयस्कर गृहस्थ दाराशी बसले होते, त्यांना विचारून लेकीने आपल्या मोबाइलची बॅटरी लावली आणि दगडाला स्पर्श न करता अगदी कडेने, भिंतीला जवळजवळ समांतर धरली. त्याबरोबर अक्षरे अक्षरशः वर आली! प्रत्येक खाचेत सावली भरली. एक कुलचिन्ह दिसू लागले, मग एका ओळीची सुरुवात, मग सालाचे आकडे. मी दुसऱ्या मोबाइलवर फोटो घेत गेले. शेतातली सरी जशी सकाळ-संध्याकाळच्या तिरप्या उन्हात स्पष्ट दिसते आणि भरदुपारी सपाट होते, तसाच हा प्रकार.

ते देखभाल करणारे गृहस्थ उठून आमच्यामागे येऊन उभे राहिले. "इतकी वर्षं रोज पाहतो, पण हा आकडा आज दिसला," ते इंग्रजीत म्हणाले. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढून लेकीला परत बॅटरी धरायला लावली.

असे फोटो घरी ठेवण्यापुरतेच नसतात. समुद्राची खारी हवा येथे बारा महिने आहे. दगड दरवर्षी थोडा झिजतो. नीट प्रकाशात काढलेला, साल-महिना लिहून ठेवलेला फोटो म्हणजे त्या दिवशी दगडावर काय शिल्लक होते याची नोंद. हे काम आपल्या गावच्या देवळातल्या शिलालेखांचे, वीरगळांचेही करता येईल. त्याला महागडा कॅमेरा लागत नाही, दोन माणसे लागतात.

चर्चमध्ये आणखी एक वस्तू आहे, तिच्यापाशी मात्र कोणी थांबत नाही. डचांच्या काळातली बाप्तिस्म्यांची आणि विवाहांची नोंदवही, १७५१ ते १८०४ या वर्षांची. मूळ वही जपून ठेवलेली आहे, तिची छायाप्रत पाहायला मिळते. अक्षर वळणदार, ओळीमागून ओळी नावांच्या. कोणाचे बाळ, आई कोण, साक्षीला कोण. व्हाइसरॉयच्या कबरीपेक्षा मला या वहीपाशी अधिक वेळ थांबावेसे वाटले. आपल्याकडे त्र्यंबकेश्वरला किंवा पैठणला भटजींच्या वहीत पणजोबांचे नाव सापडले की जसे होते, तसे कोणाला तरी या पानांवर होत असेल.

झालरीचे पंखे

आता आत्याचे पंखे. छतापासून दोऱ्यांनी लांबच लांब आडव्या काठ्या टांगलेल्या आहेत आणि प्रत्येक काठीला कापडाची रुंद झालर. सगळ्या पंख्यांना जोडणारी दोरी भिंतीतून बाहेर जाई. बाहेर उन्हात किंवा पावसात बसून पंखेवाले ती ओढत आणि आत प्रार्थनेला बसलेल्या साहेब-मॅडमना वारा लागे. पंखे आत, ओढणारा बाहेर! वीज आल्यावर पंखेवाल्यांचे काम गेले, पंखे तेवढे राहिले. देशात असे टांगलेले पंखे आता फार थोड्या ठिकाणी उरले आहेत.

त्यांचा फोटो काढणे मात्र चिकाटीचे काम. वर अंधार आणि बाजूला खिडक्यांचा झगझगीत उजेड. मोबाइल खिडकीकडे पाहून ठरवतो की उजेड भरपूर आहे, आणि पंखे काळे पडतात. पडद्यावर पंख्याच्या कापडावर बोट ठेवून दाबून धरले की तो उजेडाचे माप तेथून घेतो. खिडक्या थोड्या पांढऱ्या होतात, त्या होऊ द्याव्यात. हात हलू नये म्हणून मोबाइल समोरच्या बाकाच्या पाठीवर टेकवावा. तिपाई लावायची तर संरक्षित वास्तूंत पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, त्यामुळे बाकाची पाठ हीच आपली तिपाई. फ्लॅश येथे नकोच. तो दोन बाकांपलीकडे पोचत नाही आणि आत कोणी डोळे मिटून बसले असेल तर त्याच्यावर वीज पडल्यासारखी होते.

मी डावीकडच्या चौथ्या बाकावर बसले. तेथून पाहिले तर पंखे एकामागे एक वेदीपर्यंत ओळीने लहान होत गेलेले दिसतात. उभ्याने ते एकमेकांवर येतात आणि गोंधळ होतो. आत्याने 'बसून काढ' का म्हटले ते तेथे बसल्यावर उमगले. तिला त्या जागेची उंचीसुद्धा आठवत होती.

पण लगेच काढता आला नाही. दोन बाक पुढे पांढऱ्या साडीतल्या एक बाई प्रार्थना करत होत्या. त्यांची पाठ, वरचे पंखे, खिडकीतून आलेली उजेडाची तिरीप, असे चित्र कोणाही फोटोवाल्याने सोडले नसते. आमच्या मागे एका तरुणाने त्यांच्या बाजूला जाऊन, वाकून, तीन-चार फोटो टिपले. बाईंनी डोळे उघडून पाहिले, पदर सारखा केला आणि त्या उठून गेल्या.

मला ते फार लागले. आपण आळंदीला किंवा तुळजापूरला देवापुढे हात जोडून उभे असताना कोणी परका येऊन तोंडासमोर कॅमेरा धरील तर आपल्याला कसे वाटेल? चर्च स्मारक आहे, तिकीट काढून पाहण्याच्या वाड्यांच्या यादीत आपण त्याला बसवतो, पण तेथे दर रविवारी प्रार्थना होते, लग्ने लागतात, बाळांचे नामकरण होते. पाचशे वर्षांत धर्मपंथ बदलले, राज्ये बदलली, पण येऊन बसणारी माणसे थांबलेली नाहीत. ती माणसे म्हणजे आपल्या फोटोतली सजावट नव्हे. विचारून काढलेला फोटो कोणी नाकारत नाही, आणि नाकारला तर न काढलेला बरा.

आम्ही वीस मिनिटे थांबलो. मग बाक रिकामे असताना फोटो काढला. मुंबईला आल्यावर तो दीड फूट रुंद छापून घेतला, थोडा अधिक काळा-पांढरा करून. आत्याने तो हातात घेऊन मान एका बाजूला वळवली, कारण तिला कडेनेच दिसते, आणि बोटाने एक एक झालर मोजत गेली. मग म्हणाली, "दोऱ्या नवीन घातलेल्या दिसतात. तेव्हा काळ्या पडल्या होत्या." आणि तिसऱ्या झालरीखालच्या बाकावर तिने बोट ठेवले ते बराच वेळ उचलले नाही.

चर्चबाहेर

चर्चपासून चालत जाण्याच्या अंतरात एवढे काही आहे की दिवस पुरत नाही. सांताक्रूझ बॅसिलिका हे रंगीत, उंच मनोऱ्यांचे चर्च १९०५ सालचे. मूळचे पोर्तुगीज कॅथीड्रल इंग्रजांच्या काळात पाडले गेले, त्याचा एक दगडी खांब आवारात ठेवला आहे. समुद्राकाठी डचांचे जुने कब्रस्तान आहे, ते बहुधा कुलूपबंद असते, गजांतून फोटो घेता येतो. चिनी जाळ्यांचा फोटो सूर्यास्ताला सगळेच काढतात. पहाटे काढा, माणसे कमी असतात आणि कोळी खरोखर मासे धरत असतात.

पण मराठी माणसाने चुकवू नये ते मट्टनचेरी. गोव्यात पोर्तुगीजांचा जाच वाढला तेव्हा १६व्या शतकात अनेक गौड सारस्वत कुटुंबे देव घेऊन दक्षिणेला निघाली. त्यांतली पुष्कळ कोचीच्या राजाच्या आश्रयाला आली. ज्या गावात पोर्तुगीजांचा किल्ला, त्याच गावाच्या शेजारी! तिरुमल देवस्वम हे त्यांचे मोठे मंदिर तेथे आहे. आजही तेथल्या गल्लीत कोकणी बोलली जाते आणि ओळखीचे शब्द कानी पडून आपण चमकून मागे पाहतो. डच गव्हर्नर व्हान ऱ्हीडने मलबारच्या वनस्पतींवर जो प्रचंड लॅटिन ग्रंथ करवून घेतला, 'होर्तुस मलबारिकुस', त्याच्या कामात इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याबरोबर रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्य होते. त्यांचे १६७५ सालचे नागरी लिपीतले प्रमाणपत्र १६७८ मध्ये ॲमस्टरडॅमला छापलेल्या पहिल्या खंडात आहे. छापील देवनागरीच्या अगदी जुन्या नमुन्यांपैकी ते एक. चर्चच्या दक्षिणेच्या भिंतीतले दगड ज्या डचांचे, त्यांच्याच काळातली ही गोष्ट.

जायचे असेल तर

कोकण रेल्वे १९९८ मध्ये पूर्ण सुरू झाल्यापासून मुंबईहून एर्नाकुलमला जाणे सोयीचे झाले आहे. लोकमान्य टिळक टर्मिनसहून सुटणारी नेत्रावती एक्स्प्रेस आणि कल्याण-पनवेलवरून जाणारी मंगला एक्स्प्रेस या दोन्ही गाड्या त्या मार्गाने जातात. विमानतळ नेडुंबसेरीला, शहरापासून बराच बाहेर आहे. एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला रस्त्याने जाण्यापेक्षा पाण्याने जा. जुनी सरकारी बोट आहेच आणि २०२३ मध्ये सुरू झालेली वॉटर मेट्रोही आता फोर्ट कोचीपर्यंत येते. धक्क्यापासून चर्च पायी गाठता येते.

डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बरी. जून-जुलैत धो धो पाऊस असतो आणि चर्चमध्ये उजेड आणखी कमी. रविवारी सकाळी प्रार्थना असते, तेव्हा फोटोसाठी जाऊ नये. फोटोचे नियम बदलत असतात, म्हणून दाराशी आधी विचारून घ्यावे. दुपारी दोनच्या सुमारास पोचलात तर आतले दगड आणि पंखे आधी पाहून होतात आणि बाहेर येईपर्यंत दर्शनी भिंतीवर ऊन आलेले असते. बरोबर एखादी छोटी बॅटरी ठेवा आणि ती धरायला कोणीतरी.